पिएरिनाच्या नावावर खपलेली ग्रेव्ही

मी शेगडी बोलतेय, तळघरातली. या घरात वरच्या स्वयंपाकघरात आणखी एक शेगडी आहे, पण ती काही बोलायची नाही. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही.

मला चार बर्नर. त्यातला मागचा डावा हल्ली पेटत नाही. खाली पोटात ओव्हन आहे, त्याचं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय बसत नाही. अंगावरचा पांढरा मुलामा दोन ठिकाणी उडालाय. वयाच्या मानाने मी बरी आहे असं समजा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान. तिथे एक दिवस एक नवी नवरी आली, एर्सिलिया तिचं नाव. इटलीतल्या डोंगराळ गावातून बोटीने अमेरिकेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिने माझी सगळी बटणं फिरवून पाहिली, दार उघडून डोकं आत घातलं आणि आतूनच दुकानदाराला विचारलं, "यात दोन ट्रे शेजारी शेजारी राहतील?"

"राहतील असं वाटतं," तो म्हणाला.

"वाटतं नको. मी आलेच." ती घरी गेली आणि आपले दोन ट्रे घेऊन परत आली. ते राहिले, म्हणून मी क्रॅन्स्टनच्या या घरात आले. ट्रे बोटभर मोठे असते तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी पुढे कितीदा तरी केला आहे.

तिचा नवरा नुन्त्सियो गवंडी. हे घर त्यानेच भावांच्या मदतीने बांधलं. उतारावर असल्यामुळे पुढून पाहिलं तर दोन पायऱ्या चढून घरात जावं लागतं, आणि मागच्या बाजूने द्राक्षांच्या मांडवाखालून सरळ तळघरात शिरता येतं. हे नीट लक्षात ठेवा. लॉरेटाच्या लक्षात राहिलं नाही, आणि माझी सगळी कथा तिथूनच सुरू होते.

लॉरेटा ही एर्सिलियाची एकुलती एक मुलगी. ती माझ्यासमोर रांगली, माझ्या ओव्हनच्या दाराला धरून उभी राहिली. तेव्हा मी वर होते, खिडकीशेजारी, ऐटीत. सतरा वर्षं तशी काढली. मग एक दिवस दारात गाडी उभी राहिली आणि मधाच्या रंगाची, काचेच्या दाराची एक नवी शेगडी उतरली. चार माणसांनी मला उचललं आणि जिन्यावरून खाली नेलं. खाली वाइनची पिंपं, कपडे धुवायचं मशीन, टोमॅटोच्या बरण्या. संपलं आपलं, असं म्हणून मी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एर्सिलिया एप्रन बांधून खाली आली आणि तिने माझ्यावर पातेलं चढवलं. तिसऱ्या दिवशी आली. चौथ्याही दिवशी आली. वरची नवी शेगडी तिने कधी पेटवलीच नाही. फोडणीचा धूर पडद्यांना लागेल, तेल फरशीवर उडेल, पाहुणे काय म्हणतील! आमच्या रस्त्यावर घरोघरी हेच. वरचं स्वयंपाकघर पाद्रीबुवांना दाखवायला, आणि रांधायचं, जेवायचं, भांडायचं ते सगळं तळघरात. वरच्या बाईसाहेबांच्या पोटात अजून त्यांचं माहितीपुस्तक आणि जास्तीची भांडी आहेत. माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

रविवारी सकाळी ग्रेव्ही. टोमॅटोच्या या रश्श्याला ही माणसं ग्रेव्हीच म्हणतात. त्यात खिम्याचे गोळे, सॉसेज, डुकराची एखादी बरगडी, आणि पाच तास अगदी मंद आच. एवढी मंद की मध्येच एखादा बुडबुडा यायचा. डावाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. चाळीस वर्षांची घोडी झालेली लॉरेटा एकदा सहज ढवळायला गेली तर एर्सिलिया म्हणाली, "हात काढ. झोपलीये ती, उठवू नकोस."

लॉरेटाची मुलगी जोआना लहानपणी रविवारी इथेच असायची. चर्चला जायच्या आधी काही खायचं नाही असा नियम. पण आजी ब्रेडचा तुकडा पातेल्यात बुडवून हळूच तिच्या तोंडात घालायची.

"नोना, देवाला कळेल!" जोआना भरल्या तोंडाने म्हणायची.

"देव वर आहे, आपण तळघरात. गिळ लवकर."

नुन्त्सियो गेला, तरी पातेलं तेच राहिलं. बारा माणसांचं रांधायचं, मायलेकी दोघींनीच खायचं, उरलेलं रस्त्यावरच्या कोणाकोणाकडे पोचवायचं. त्यात पहिला मान शेजारच्या पिएरिनाचा. पिएरिना म्हणजे एर्सिलियाची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. सोन्यासारखी बाई, पण स्वयंपाकाच्या नावाने शंख. तिच्या हातची मसूर एकदा नुन्त्सियोने खाल्ली आणि म्हणाला, "सिमेंटमध्ये घालून बघतो." तिचा बिचारा नवरा तर आयुष्यभर आमच्याकडून गेलेल्या डब्यांवर जगला.

मग गेल्या वर्षीचा जानेवारी आला. सत्त्याऐंशी वर्षांची एर्सिलिया पिठाचा डबा घेऊन जिना उतरत होती, आणि शेवटच्या तीन पायऱ्या ती एकदमच उतरली. मनगट मोडलं. लॉरेटा कामावर होती. नवरा वारल्यापासून ती आईजवळच राहायला आलेली, आणि शाळेच्या कचेरीत नोकरी करायची. ती येईपर्यंत तीन तास एर्सिलिया माझ्यासमोर फरशीवर पिठात बसून होती. मला काही करता येईना. मला आयुष्यात एवढं लाचार कधी वाटलं नव्हतं.

लॉरेटा घाबरली आणि घाबरल्यावर माणसं करतात तेच तिने केलं. तळघराच्या जिन्याच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मला खालून सगळं ऐकू येत होतं.

"मा, आजपासून जिना बंद. रांधायचं असेल तर वर रांध. शेगडी आहे की नवीकोरी."

"ती दाखवायची आहे."

"चव्वेचाळीस वर्षं दाखवून झाली. आता पेटव."

"मी मेल्यावर पेटव तू," एर्सिलिया म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. तीन दिवस ती लेकीशी बोलली नाही.

मी सहा आठवडे थंड पडून होते. इतकी थंड मी कारखान्यातसुद्धा नसेन. अंगावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या आणि भिंतीच्या मध्ये संसार थाटला. आता भंगारवाला कधी येतो, एवढंच मी मोजत होते.

आणि मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी नऊ वाजता, मांडवाकडच्या दारात किल्ली फिरली. आमच्या रस्त्यावर शेजारणीकडे एक किल्ली ठेवायची रीत आहे, घराला कधी काय होईल सांगता येत नाही म्हणून. पिएरिनाकडे पंचवीस वर्षं ती किल्ली खिळ्याला लटकत होती. पिएरिना पुढे, आणि तिच्या दंडाला धरून एर्सिलिया. घराला वळसा घालून, उतरत्या वाटेने, सावकाश.

"हे बरं नाही हं, एर्सिलिया," पिएरिना धापा टाकत म्हणाली. "तुझ्या लेकीला कळलं तर माझी धडगत नाही."

"ती काय म्हणाली? जिना उतरायचा नाही. मी जिन्याला पाय लावला? मग?" एर्सिलियाने माझ्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा, काय अवस्था केलीये हिची. फडकं दे आधी."

मला पुसताना तिचा एकच हात चालत होता, तरी कोळ्याला दहा मिनिटांत घर सोडावं लागलं.

त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी आमचा उद्योग सुरू झाला. लॉरेटा साडेसातला बाहेर पडायची. नऊला या दोघी हजर. कांदा पिएरिना चिरायची, कारण मनगट धड नव्हतं, आणि चिरताना शिव्या खायची. "हा कांदा आहे की विटा?" तीन वाजता आटोपायचं, खिडक्या सताड उघडायच्या. वारा मांडवाकडून पिएरिनाच्या अंगणात जायचा. चारला लॉरेटा घरी आली की नाक वर करून म्हणायची, "पिएरिना मावशीकडे आज ग्रेव्ही दिसतेय!" खाली मला हसू आवरायचं नाही.

पण एवढी ग्रेव्ही करून ती लेकीच्या पोटात जायची कशी? त्यावर एर्सिलियानेच तोड काढली. रविवारी चर्चहून आल्यावर पिएरिनाने पातेलं घेऊन पुढच्या दाराने यायचं आणि म्हणायचं, "थोडी जास्त झाली." झालं. लॉरेटाचा विश्वास बसला. चाळीस वर्षं जिच्या मसुरीला सगळ्यांनी नावं ठेवली, तिच्या हाताला म्हातारपणी चव आली, हे तिने मान्यसुद्धा करून टाकलं.

"बघ मा, बिचारीला आपण उगीच हसायचो. जवळजवळ तुझ्यासारखी होते हिची."

"मीठ कमी आहे," एर्सिलिया तोंड वाकडं करून म्हणायची. मीठ कमी होतंच. लॉरेटाला रक्तदाबाचा त्रास, म्हणून तिच्यासाठी एर्सिलिया माझ्या पुढच्या उजव्या बर्नरवर वेगळं छोटं पातेलं ठेवायची.

जूनमधल्या एका रविवारी मात्र लॉरेटाने कहर केला. पावाने ताटली पुसत म्हणाली, "रागावू नकोस मा, पण खरं सांगू? ही तुझ्यापेक्षा बरी आहे."

एर्सिलिया उठून गेली. दोन दिवस तिने लेकीशी शब्द काढला नाही. मंगळवारी खाली आली ती झाकणं आपटतच. "माझ्यापेक्षा बरी! माझ्यापेक्षा!" पिएरिना टेबलाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, तुझीच तर आहे ती!"

"म्हणून काय झालं? तिला कुठे माहीत आहे?"

हसणं ओसरल्यावर पिएरिना म्हणाली, "मग सांगून टाक ना तिला. कशाला हा लपाछपीचा खेळ?"

एर्सिलिया ग्रेव्हीवर वाकली. मग आच थोडी कमी केली. "मी पडले त्या दिवसापासून ती झोपत नव्हती, पिएरिना. येऊन येऊन माझा श्वास बघायची. कुलूप लावलं आणि त्या दिवसापासून झोपायला लागली. तिला वाटतं, तिने मला वाचवलं. वाटू दे. त्या कुलपावर मी रागावले असते तर केव्हाच तोडलं असतं, नुन्त्सियोचा हातोडा इथेच आहे."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी दुपारी एर्सिलिया वर आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. आदल्या दिवशी आम्ही सॉसेज परतली होती, ती खूश होती. वर खूप पावलं वाजली, मग खुर्च्या सरकल्या, मग सगळं शांत झालं. कोणी मला सांगायला आलं नाही. पण गुरुवारी नऊ वाजता मांडवाकडचं दार उघडलं नाही, तेव्हा मी समजले. पंधरा हजारांच्या वर स्वयंपाक तिने माझ्यावर केले असतील. मला रडता येत नाही, नाहीतर रडले असते.

चारपाच दिवसांनी जिन्याच्या दाराचं कुलूप निघालं. लॉरेटा आली, पण वरच्याच पायरीवर बसली. मागे जोआना. ती आता परिचारिका आहे, दुसऱ्या गावी असते.

"मी तिच्या हातातला डाव काढून घेतला, जोआना," लॉरेटा म्हणाली. "नऊ महिने. तिचं सगळं आयुष्य या खोलीत होतं आणि मी कुलूप लावलं. जूनमध्ये तर दोन दिवस ती माझ्याशी बोललीसुद्धा नाही. ती माझ्यावर रागावून गेली."

"नोना रागावली असती तर तुला कळलं असतं, आई. सगळ्या रस्त्याला कळलं असतं."

"तुला नाही माहीत. तिने मला माफ केलेलं नाही." आणि ती अशी रडली की मला माझे सगळे बर्नर एकदम पेटवून तिला सांगावंसं वाटलं. जिना उतरून आली असती, माझ्यावरून बोट फिरवलं असतं, तर धुळीचा कणही नाही हे तिला दिसलं असतं. पण ती उठली आणि वर गेली.

महिना झाल्यावर चर्चमध्ये एर्सिलियाच्या नावाने प्रार्थना व्हायची होती आणि मग घरी वीस माणसं जेवायला. लॉरेटा कुंपणापाशी जाऊन पिएरिनाला म्हणाली, "मावशी, मॅकरोनी मी उकडते. ग्रेव्ही तू कर. मा गेली, निदान तिच्या जवळपासची चव तरी ताटात असू दे. मला तेवढंच हवंय."

पुढचं मला पिएरिनाच्याच तोंडून कळलं. तिने आधी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. दोन पातेली करपवली. तिसऱ्यात साखर जास्त पडली. शनिवारी सकाळी ती बाजाराची चाकांची गाडी ओढत मांडवाखालून आत शिरली आणि सरळ कोपऱ्यातल्या फ्रीजरकडे गेली. तिथे अकरा डबे होते, चीजचे रिकामे झालेले डबे, ग्रेव्हीने भरलेले. एर्सिलियाला उरलेलं टाकवत नसे. पिएरिना डबे गाडीत भरतेय, थंडगार बोटांवर फुंकर मारतेय, तोच जिन्यावर पावलं वाजली.

लॉरेटा हातात छत्री उगारून उभी. "कोण आहे तिथे?"

पिएरिनाच्या हातून डबा निसटला आणि फरशीवरून घसरत माझ्या पायाशी येऊन थांबला. "मी आहे, मी. मारू नकोस, माझं हृदय नाजूक आहे."

"मावशी? तू इथे कशी आलीस? आणि हे काय नेतेयस?"

पिएरिनाला खोटं बोलायची सवय नव्हती. जी थोडी लागली होती ती एर्सिलियाच्या धाकामुळे, आणि एर्सिलिया आता नव्हती. ती मटकन खुर्चीत बसली. "तुझी ग्रेव्ही नेतेय. म्हणजे माझी. म्हणजे माझी नाहीच ती, पोरी, कधीच नव्हती. माझ्या हाताला कुठली आलीये चव!"

लॉरेटाने वाकून तो डबा उचलला. झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर एर्सिलियाचं तिरकं, गिचमिड अक्षर. "१४ मे. लॉरेटा. मीठ कमी." तिने गाडीतला दुसरा डबा घेतला. "२७ ऑगस्ट. लॉरेटा. मीठ कमी." तिसरा. चौथा. मग ती डबे मांडीत घेऊन फरशीवरच बसली.

"कुलूप होतं," ती म्हणाली.

"जिन्याला होतं. मागच्या दाराला कुठे होतं?"

लॉरेटाने मांडवाकडच्या दाराकडे पाहिलं. ज्या दारातून ती लहानपणी दिवसातून शंभरदा आतबाहेर करायची, ते दार तिला त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं.

"म्हणजे ती खाली येत होती? मला न सांगता? एवढी रागावली होती?"

"अगं, राग कसला!" पिएरिना म्हणाली, आणि एर्सिलियाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. झोपेचं, श्वास बघण्याचं, वाटू दे म्हणाल्याचं, हातोड्याचं. एक शब्द वगळला नाही. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत होते, कुठे चुकली तर कळावं म्हणून. ती चुकली नाही.

"पण जूनमध्ये? दोन दिवस?"

"जूनमध्ये तू काय म्हणालीस? 'तुझ्यापेक्षा बरी.' मग काय आरती ओवाळायची होती तुझी? दोन दिवस इथे झाकणं आपटली तिने. मी म्हटलं, तुझीच आहे, तर म्हणते, तिला कुठे माहीत आहे!"

लॉरेटाच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, रडतेय. मग कळलं, हसतेय. हसता हसता रडत होती आणि रडता रडता आईला शिव्या घालत होती. "चोर कुठली! सत्त्याऐंशी वर्षांची चोर! आणि तू तिची साथीदार!" पिएरिनाही रडायला लागली. एवढ्यात डब्यांतली ग्रेव्ही वितळायला लागली.

तेव्हा लॉरेटा उठली, माझ्याजवळ आली आणि मला पेटवलं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. दोन काड्या फुकट गेल्या.

रविवारी वीस माणसं वरच्या सजवलेल्या खोलीत बसली नाहीत. सगळी खाली आली, पिंपांवर, पेट्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून जेवली. जोआना आजीबद्दल चार शब्द बोलायला उभी राहिली. चिठ्ठी लिहून आणली होती, ती तिने खिशात ठेवून दिली आणि नुसता चोरीचा किस्सा सांगितला. एवढं हसणं या तळघराने नुन्त्सियोच्या वेळेपासून ऐकलं नव्हतं. पाद्रीबुवांनी दोनदा वाढून घेतलं आणि मीठ मागितलं. कोणी दिलं नाही.

आता माझं बरं चाललंय. लॉरेटा रविवारी ग्रेव्ही करते. ती सारखी ढवळते, आच मोठी ठेवते, दोनदा तर बूड लागलं. पण मी कुरकुरत नाही. इतके महिने पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर पडल्यावर जे हलकं वाटतं, ते तुम्हाला ठाऊक असेल. उद्या मला न्यायला माणसं आली तरी माझी ना नाही.

जाता जाता एकच मागते. आई आपल्यावर रागावून गेली, असं उराशी धरून तुमच्यापैकी कोणी बसलं असेल, तर त्यांनी आधी उठून शेजारणीला विचारून बघावं.